जवळ्याचा गोळा

आजही कोणी मासेमारीची महागडी हत्यारं कौतुकाने दाखवायला लागला की माझं डोकं फिरतं. त्याला वाटतं मला मत्सर वाटतो. वाटू दे.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. बाबा महिनाभरासाठी आमच्याकडे कतारला, दोह्याला आले होते. जन्मभर खाडीवर गळ टाकलेला माणूस नजमा भागातल्या आमच्या दोन खोल्यांत बसून समोरच्या कॅफेटेरियाची पाटी वाचत राहायचा. एकच मागणं होतं त्यांचं: इथल्या समुद्रातला एक मासा स्वतःच्या हाताने धरायचा आणि सुनेला कालवण करायला द्यायचा. परतीला आठवडा उरला, तेव्हा कुठे मला सवड झाली. तीसुद्धा ऑफिसातल्या साहेबांनी शुक्रवारी उत्तरेकडच्या अल रुवैस बंदरावर मासे धरायला नेतो म्हटलं म्हणून.

जानेवारी होता. वारा कानात सुया टोचत होता. बाबांनी पहाटे उठून कणीक मळली, त्यात भाजलेल्या जवळ्याची पूड घातली आणि कापसाचे धागे कालवले, म्हणजे गळावरून सुटत नाही.

"थंडीत मासा सुस्तावतो रे. मोठा घास बघून तोंड फिरवतो. वाटाण्याएवढंच लावायचं, आणि वास हवा," ते म्हणाले.

त्या वासानेच घात केला. साहेबांची गाडी नवी होती. त्यांनी काचा खाली केल्या आणि हसत विचारलं, "चाचाजी, मछली को रोटी खिलाओगे क्या?" मीही हसलो. हो, हसलो! बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर होता, आणि माझ्या तोंडाला कुलूप.

धक्क्यावर साहेबांनी पेटी उघडली. बोटभर लांबीचे चकचकीत नकली मासे, लाल, चंदेरी. त्यांना हमूरच हवा होता, तिकडचा तो मानाचा मोठा मासा. दोन तास ते फेकत राहिले आणि काही लागलं नाही. बाबा शेजारी डबा मांडीवर घेऊन बसले होते. साहेबांच्या आधी गळ टाकणं बरं दिसणार नाही, असं मीच त्यांना बजावलं होतं.

शेवटी बाबांनी डबा उघडला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला, आणि माझा संताप नको तिथे फुटला.

"टाका तो गोळा पाण्यात! किती लाज आणाल?"

 बाबांनी सगळा गोळा कुस्करून धक्क्याखाली सोडला आणि हात धोतराला पुसले.

पाणी उकळल्यासारखं झालं. हातभर लांबीच्या बोया मासळ्या, किती ते मोजवेना, एकमेकींच्या अंगावर चढून तो चुरा खात होत्या. आमच्या पायाखाली होत्या त्या, दोन तास.

साहेबांनी हातातली गळाची काठी टाकली. "चाचाजी! और है क्या? थोडा सा?"

बाबांनी रिकामा डबा उलटा करून दाखवला. "नहीं साहब. लड़के ने बोला, सब डाल दिया."

मग त्यांनी आपला दोर गुंडाळला. गळ कोरडाच होता. घरी येईपर्यंत ते साहेबांशी दोनदा बोलले, माझ्याशी एकदाही नाही.