बैलांना येणारी भाषा

तरुणपणी मी एक भाषा तयार केली होती. ती साऱ्या कारंजा गावात फक्त दोघांना येत असे, आणि ते दोघे आमचे बैल होते.

माणसांवरही प्रयोग झाला. अत्तरवाले रहीमचाचा म्हणाले, संस्कृत दिसते. आमचे गुरुजी म्हणाले, फारसी असावी. आईने थेट दृष्ट काढली. (मिरच्यांचा ठसका साऱ्या गल्लीला लागला, म्हणजे दृष्ट नव्हती. शेजारणींनी निकाल दिला, मग वेडच!)

अशात आसेगावचे पाटील मला जावई म्हणून पाहायला आले. त्यांची मुलगी मी जत्रेत पाहिली होती आणि तेव्हापासून माझी झोप उडाली होती. बाबांनी मला कोपऱ्यात घेतलं. "पाटील जाईपर्यंत तुह्या त्या भाषेतला एक शबद काढू नको."

पाहुण्यांना कापसाचा बाजार दाखवायला बाबांनी दमणीला बैल जुंपले आणि कासरा स्वतः धरला. उतारावर बैल आपसूक चालले. बाजाराच्या ऐन तोंडाशी मात्र थांबले. बाबांनी चुचकारलं, दटावलं, शेपट्या पिरगाळल्या. बैल वळून माझ्याकडे पाहत राहिले. मी दात आवळून बसलो. मागे कापसाच्या गाड्या तुंबल्या, गाडीवान आमच्या सात पिढ्यांची विचारपूस करू लागले. बैल बहिरे आहेत का, असं पाटलांनी अगदी सभ्यपणे विचारलं. तेवढ्यात बैल मागे सरकू लागले. बाजूलाच गुरांचा हौद! चाक कठड्याला लागलं, दमणी कलली, पाटलांचा फेटा पाण्यात पडला. आता पाटलांचीच पाळी होती.

मी डोळे मिटून ओरडलो, "झुंबा लाकी तुर्रर्र!"

बैल असे उसळले की दमणी पार बाजाराच्या मधोमध जाऊन थांबली. सगळा बाजार भोवती जमला. मग एक गाडीवान पुढे झाला.

"पाटील, पोराले लागीर हाये. पोरगी देऊ नोका."

पाटलांनी उघड्या डोक्यावरून हात फिरवला. "लागीर याले हाये, तं बैलाले काहून समजून राह्यलं?" मग बाबांना म्हणाले, "माही पोरगी घरात कोनाचंच आयकत नाही. यानं बैल वळवले, तिलेही वळवन."

लग्न झालं. बायकोने ती भाषा महिन्याभरात उचलली, पोरांना शिकवली, वर स्वतःचे शब्दही घातले. आता जेवताना सगळे तीच बोलतात आणि माझ्याकडे पाहून हसतात. काय म्हणता, असं विचारलं की बायको पोळी वाढत म्हणते,

"तुमी आधी भाषा नीट शिका."