इच्छापोरच्या ट्रायलमधली शिट्टी

“बोरसे साहेबांनी त्या वर्षी भूषणला घेतलं असतं, तर तो आज दोन पायांवर उभा असता. पण साहेबांना आपल्या तालुक्याचा पोरगा हवा होता.”

सुरतेतल्या डिंडोलीत हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकले आहे, दाढी करताना ऐकले आहे आणि एकदा तर एका शोकसभेतही ऐकले आहे. सांगणारे बदलतात, वाक्य बदलत नाही. त्यातले पहिले अर्धे खोटे आहे. दुसऱ्या अर्ध्यात एक गोष्ट खरी आहे, ती आधीच मान्य करतो. ते बोरसे साहेब म्हणजे मी, आणि भूषणऐवजी मी घेतलेला नीलेश माझ्या तालुक्याचा आहे. मला ते त्याची निवड झाल्यावर, त्याचा फॉर्म फाइलला लावताना कळले. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी पुढचे वाचू नये.

इच्छापोरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी वेल्फेअर ऑफिसर होतो. हे पद काय असते, ते बाहेरच्यांना ठाऊक नसते. कँटीनमधल्या डाळीत पाणी फार झाले की शिव्या ज्याला मिळतात, तो वेल्फेअर ऑफिसर. कामगारांची रजा, आजारपण, अपघात, भांडणे आणि खेळ हे सगळे त्याच्या टेबलावर येते. आमच्या कंपनीचा कबड्डीचा संघ होता. वसाहतीतल्या कंपन्यांची दर वर्षी स्पर्धा होई. संघासाठी दर वर्षी एका कॉलेजच्या खेळाडूला ट्रेनी म्हणून नोकरी दिली जाई. एकच जागा. खेळाडू ट्रायलमधून निवडायचा, मग त्याची मेडिकल, मग माझी सही.

ती जागा म्हणजे आमच्या लोकांचा सण होता. कॉलेजांचे सामने सुरू झाले की कँटीनमध्ये दुसरा विषय नसे. आमचे निम्मे कामगार खानदेशातले. बहुतेकांची उमेदवारी लूमच्या कारखान्यांत गेलेली. अशा कारखान्याला सुरतेत ‘खातं’ म्हणतात. खात्यात शेजारी उभ्या माणसाचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ही माणसे हातवारे करून आणि ओरडून बोलतात. खाते सुटले तरी सवय सुटत नाही. त्यामुळे आमच्या कँटीनमधली साधी चर्चासुद्धा गेटवरच्या वॉचमनला मारामारी वाटे.

त्या वर्षी फळ्यावर तीन नावे होती. वादाचा पुढारी हिरामण. मेंटेनन्समधला फिटर, उत्तम कारागीर, आणि संघ हरला की दोन दिवस न जेवणारा माणूस.

“रेडर घ्या साहेब, रेडर! रेडरशिवाय संघ म्हणजे सुताचा बीम न चढवलेला लूम. नुसता खडखडाट. भूषणला घ्या. आपल्या डिंडोलीचा आहे, कॉलेजात त्याला वाघ म्हणतात.”

“रेडर गुण आणतो, कॉर्नर गुण वाचवतो,” क्रेनवरचा सुभाष म्हणाला. “नीलेशसारखा डावा कॉर्नर जिल्ह्यात नाही. गेल्या वर्षी आपण एक तरी पकड केली का?”

“गेल्या वर्षी तू मॅचला होतास? मंडपात डोळे मिटून पडला होतास.”

“डोळे मिटले म्हणूनच वाचलो. बघितलं असतं तर मेलो असतो.”

“आणि तो उधन्याचा उंच पोरगा?” कोणीतरी मागून विचारले.

“तो तीन वर्षं झाली कॉलेजच्या शेवटच्याच वर्षाला आहे,” हिरामण म्हणाला. “थांबा थोडं, त्याचा पोरगाच ट्रायलला येईल.”

मी हसलो. त्या दिवशी माझाही कौल भूषणच्याच बाजूने होता. हे कोणी सांगत नाही.

ट्रायल आमच्या प्लान्टच्या मागच्या मैदानावर झाली. ज्यांना कबड्डी ठाऊक नाही, त्यांच्यासाठी एकच नियम सांगतो. चढाईला जाणाऱ्या रेडरला तीस सेकंद मिळतात. वेळ संपली की पंच शिट्टी वाजवतो आणि खेळ तिथेच थांबतो.

भूषणची पहिली चढाई मी अजून विसरलेलो नाही. अंग कसे वाकवावे, हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. ते त्याच्यात होतेच. तीस सेकंद संपले. पंचाने शिट्टी वाजवली. बचाव करणारे सैल पडले आणि भूषणने त्यातल्या तिघांना हात लावून मध्यरेषा ओलांडली. कुंपणापलीकडून एकच आरोळी उठली. पंचाने गुण नाकारले.

दुसऱ्या वेळी तेच झाले.

“बघा, बघा!” हिरामण माझा दंड हलवत होता. “याला म्हणतात जोश! शिट्टीलासुद्धा जुमानत नाही!”

तिसऱ्या वेळी पंच योगायोगाने भूषणच्या समोर उभा होता. त्याचा हात वर जाताच भूषण जागच्या जागी थांबला. सगळ्यांना वाटले, पोरगा शहाणा झाला. मला बरे वाटले नाही. पंचाकडे पाठ असताना दोनदा थांबला नाही, तोंड असताना लगेच थांबला. मी तीस वर्षे अपघातांचे रिपोर्ट लिहिले होते. असा फरक माझ्या नजरेतून सुटत नसे.

खेळ संपल्यावर मुले पाणी पीत होती. मी पंचाची शिट्टी मागून घेतली, भूषणच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि जोरात फुंकली. नीलेश दचकून वळला. उंच पोराच्या हातातला पेला पडला. भूषण बुटाची नाडी बांधत होता. तो बांधतच राहिला.

दुसऱ्या दिवशी मेडिकल. कानाच्या तपासणीला ऑडिओमेट्री म्हणतात. एका बंद खोक्यासारख्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात. आवाज आला की बटण दाबायचे. किती उंच आणि किती हळू आवाज ऐकू येतो, त्याचा आलेख कागदावर निघतो. भूषणचा आलेख उजवीकडे दरडीसारखा खाली कोसळला होता.

“लूमचे कान,” आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. “बोलणं बऱ्यापैकी ऐकू येतं, उरलेलं तो ओठांवरून वाचतो. उंच पट्टीचे आवाज मात्र गेलेत. शिट्टी, अलार्म, सायरन. हे परत येत नाही.”

“कानाच्या मशिनने थोडं येईल?”

“थोडं. पण तुमची जागा क्रेनखालची आहे, बोरसे साहेब. तिथे थोडं चालतं का?”

चालत नव्हते. ट्रेनीची जागा शॉप फ्लोअरवरची होती. डोक्यावर क्रेन, बाजूला फोर्कलिफ्ट, आणि माणसाचा जीव अलार्मवर.

मी भूषणला बोलावले. तो वडिलांना घेऊन आला. धनराजभाऊ कडोदऱ्याच्या एका खात्यात जन्मभर लूमवर उभे राहिलेले. त्यांनाच मला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावे लागले. भूषण शाळेपासून सुट्टीत त्यांच्याबरोबर खात्यात जाई, पुढे कॉलेज सांभाळून पाळी करू लागला. त्याला कमी ऐकू येते, हे घरात कोणाच्याही लक्षात आले नव्हते. कसे येणार? त्या घरात सगळेच ओरडून बोलत आणि सगळेच एकमेकांच्या तोंडाकडे बघून ऐकत.

“साहेब, मना पोऱ्या बहिरा नई शे,” धनराजभाऊ म्हणाले. “आमना घरमा सगळा असाच बोलतस.”

मी कागद दाखवला. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला, आणि खाली ठेवला. मग हात जोडून म्हणाले, “कोनले सांगू नका. नाव पडलं तं कोन काम दी त्याले?”

भूषण माझ्या ओठांकडे बघत होता. एवढेच म्हणाला, “साहेब, मी बघून काम करीन. मागेसुद्धा बघत राहीन.”

लोक म्हणतात, मी त्याच्यासाठी काही केले नाही. मी प्लान्ट मॅनेजर देसाई साहेबांकडे गेलो होतो.

“बोरसे, छोकरो सारो छे, अच्छा खेलता है. टीम को रेडर चाहिए. प्रॉब्लेम क्या है?”

“साहेब, त्याला स्टोअरमध्ये घ्या. टेबलावरचं काम. मी सही करतो.”

“स्टोअर में जगह नहीं. हेड ऑफिस का भरती पे फ्रीज है, तुम्हें मालूम है. फ्लोअर पे लेना है तो लो.”

“फ्लोअरवर मी सही करणार नाही.”

“तो दूसरे को लो. और कारण क्या लिखोगे?”

इथे मी जे केले, ते स्वतःच्या हाताने केले. मेडिकल अनफिट असे नोटीस बोर्डवर लागले असते, तर दुपारच्या चहापर्यंत सगळ्या वसाहतीला कळले असते. मी धनराजभाऊंना शब्द दिला होता. मी लिहिले, “संघाची सध्याची गरज लक्षात घेता डाव्या कॉर्नरची निवड करण्यात येत आहे.” आज जे लोक मला नीलेशवरून बोलतात, ते माझेच वाक्य मला परत ऐकवत असतात.

भूषणला मी आलेखाची एक प्रत दिली. “जिथे जाशील, तिथे आधी हा कागद दाखव,” असे त्याच्या तोंडासमोर उभे राहून, सावकाश सांगितले. त्याने मान हलवली, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

कँटीनमध्ये हिरामणने आठवडाभर माझ्यासमोर ताट ठेवले नाही. सरकून बसायचा.

पंधरा दिवसांत भूषणला आमच्या भिंतीपलीकडच्या कंपनीने घेतले. ठेकेदारामार्फत, यार्डात. यार्ड म्हणजे मालाचे ट्रेलर लावायची, भरायची मोकळी जागा. ठेकेदाराच्या माणसांची ऑडिओमेट्री होत नसे. वजन, रक्तदाब, सही, आत. स्पर्धेत पहिल्याच फेरीत त्यांच्याशी आमची गाठ पडली. भूषणने आमचा संघ एकट्याने कापून काढला. नीलेशला त्याची एकही पकड जमली नाही. सामना संपल्यावर हिरामण माझ्याजवळ आला आणि हात जोडून म्हणाला, “साहेब, सध्याची गरज भागली ना?”

उत्तर माझ्या कपाटात, भूषणच्या आलेखात होते.

पुढे स्पर्धेचा मोसम संपला आणि भूषण नुसता यार्डातला माणूस राहिला. एका दुपारी ट्रेलर मागे येत असताना तो पाठमोरा उभा राहून चिठ्ठी तपासत होता. डावा पाय गुडघ्याच्या वर काढावा लागला. मी इस्पितळात गेलो, तेव्हा धनराजभाऊ जिन्यात बसले होते. त्यांनी मला पाहिले आणि मान खाली घातली. मी दिलेला कागद कुठे आहे, असे मी विचारले. विचारायला नको होते. तो घरी देवाच्या फोटोमागे ठेवला होता.

तिथेच हिरामण पहिल्यांदा ते वाक्य बोलला. जिन्यात, सगळ्यांसमोर. “आपल्याकडे असता तर दोन पायांवर असता, साहेब.” तेव्हापासून ते वाक्य फिरते आहे.

आमचा संघ पुढच्या वर्षी बंद झाला. ट्रेनीची जागाही गेली. आता आमच्या फ्लोअरवरसुद्धा बहुतेक माणसे ठेकेदाराची आहेत. नीलेश अजून तिथेच आहे, पण शॉर्ट्स घालून उतरायला मैदान राहिलेले नाही, त्यावर शेड झाली. कॉलेजांचे सामने होतात. डिंडोलीत चहाच्या टपरीवर अजून कोण चांगला, कोण वाईट यावरून हमरीतुमरी होते. त्या पोरांना नोकरीला उचलणारे मात्र कोणी नाही.

इतकी वर्षे मी गप्प का, असे विचारणाऱ्यांना सांगतो. शब्द दिला होता म्हणून. गेल्या महिन्यात मी भूषणच्या मोबाइल कव्हरच्या टपरीवर गेलो, त्याच्या समोर उभा राहिलो आणि विचारले, “लिहू का?”

त्याने माझे ओठ नीट वाचले. “लिहा ना साहेब,” तो म्हणाला. “आता कोण मला चढाईला पाठवणार आहे?”

आणखी एक आरोप होऊ शकतो. भिंतीपलीकडच्या कंपनीत माझ्यासारखाच एक अधिकारी होता. त्याचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन केला नाही. पण हा आरोप अजून कोणी केलेला नाही, आणि जो आरोप माझ्यावर झालेला नाही, त्याला उत्तर देण्यास मी बांधील नाही. त्या आरोपाला माझ्याकडे उत्तर नाही, ही गोष्ट वेगळी.

जो आरोप झाला आहे, त्यापुरते बोलतो. आमच्या कंपनीत ट्रेलर मागे येत नव्हते काय? क्रेन फिरत नव्हती काय? पाय इकडे गेला असता किंवा तिकडे, कान तेच होते. हिरामणला हे पटत नाही. म्हणून त्याला अपघाताच्या त्याच दुपारची एक गोष्ट आठवून पाहण्यास सांगतो. तो आमच्या कँटीनमध्ये खिडकीपाशी चहा पीत होता. मी पलीकडच्या टेबलावर होतो. भिंतीमागे एका ट्रेलरचा रिव्हर्स हॉर्न वाजायला लागला आणि थांबेचना. हिरामणने कपाळाला आठ्या घातल्या, बशी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडला, “अरे, कोणीतरी त्याचा तो हॉर्न बंद करा रे!”