लाज चपलेपाशी ठेवा

सुमे, चष्मा लाव आणि हे जवळ घेऊन वाच. रागावलेय मी तुझ्यावर. डॉक्टरांनी आतड्याची दुर्बीण करून घ्या म्हणून लिहून दिलेली चिठ्ठी तू तीन महिने कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलीस, असं वहिनी फोनवर सांगत होती. का, तर म्हणे लाज वाटते. पन्नाशी उलटली, दोन बाळंतपणं झाली, आणि लाज आत्ता आली होय गं? आमची गंगव्वा असती, तर तुला दंडाला धरून घेऊन गेली असती. तू तिला पाहिलं नाहीस, म्हणून सांगते.

गंगव्वा माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नसे. सोलापुरात आमच्या गल्लीच्या टोकाला एका डॉक्टरांचं लहानसं हॉस्पिटल होतं, तिथं ती आया होती. गाव अक्कलकोटच्या पलीकडचं. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. तिचं मुख्य काम एनिमा देण्याचं. पोटाचा फोटो काढायचा असला की पेशंट आधी हिच्या ताब्यात. त्यामुळे निम्मं सोलापूर तिला ठाऊक होतं, पण उलट्या बाजूनं.

एकदा मी तिच्याबरोबर मंडईत होते. एक वकीलसाहेब तिला पाहून मेथीच्या ढिगामागं वाकले. हिनं गाठलंच. "कोण की हो तुमी? वळखीचं वाटालाव. जरा तिकडं वळा बगू." बिचारे घाबरून वळले. "व्हय व्हय! आठ नंबरची खाट! आता साफ होतंय न्हवं रोज?" मेथीवाली पदर तोंडात कोंबून हसत होती. वकील पिशवी तिथंच टाकून गेले.

आता आमच्या मामंजींचं ऐक. म्हणजे माझे सासरे. रेल्वेत गार्ड होते, रिटायर होऊन होटगीच्या रानात लक्ष घालत. पण गळ्यातली शिट्टी काही सुटली नव्हती. जेवायला बसताना एक, उठताना एक. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्यांना शौचाला रक्त पडायला लागलं. सांगितलं नाही कुणाला. धोतर धुताना सासूबाईंना कळलं आणि त्यांनी ओल्या हातानंच मामंजींना डॉक्टरांकडं ओढत नेलं. कारण मामंजींच्या थोरल्या भावानं असंच लपवलं होतं आणि दिवाळीला लाडू खाणारा माणूस संक्रांतीला उरला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, खालून पांढरं औषध सोडून आतड्याचा फोटो काढू. पण पोट आरशासारखं स्वच्छ हवं. दोन दिवस गाळलेली पेज, बिनदुधाचा चहा, लिंबूपाणी. आदल्या दिवशी एरंडेल. सकाळी गंगव्वा.

मामंजींनी शब्द दिला. सकाळी हॉस्पिटलात जाऊन टेबलावर कुशीवर झाले. थोड्या वेळानं गंगव्वा भांडं घेऊन बाहेर आली ती थेट माझ्यापुढं. "बाई, तुमच्यात पेजेत हुरडा घालत्यात काय?"

"हुरडा?"

"हुरडा. वर शेंगाचटणी. आन् गूळबी आसंल, पण ते शपथंवर सांगत न्हाई."

आतून मामंजी ओरडले, "हुरड्याला जेवण कोण म्हणतं? जेवलो नाही मी!"

झालं असं की, आदल्या दिवशी नातेपुत्याचे पाहुणे रानात आले होते. शेणकुटांची आगटी पेटली, पहिली कणसं भाजली. आणि आमच्याकडं रानाच्या मालकानं पहिला घास खाल्ल्याशिवाय पाहुणे हात लावत नाहीत. मामंजींनी मान राखला. चांगला अडीच पायली मान राखला असेल. ती पाहुणेमंडळी आपल्या गावाला गेली, आणि मामंजी त्यांच्या वाटणीचाही मान पोटात घेऊन हॉस्पिटलात आले.

फोटो रद्द झाला. मामंजी इतक्या खुशीत घरी आले की दारातच लांब शिट्टी वाजवली. "सुटलो!" सासूबाई आत जाऊन मामंजींच्या त्या थोरल्या भावाच्या फोटोला हार घालून आल्या. त्यानंतर घरात शिट्टी वाजली नाही.

आठवड्यानं पुन्हा वेळ दिली, तेव्हा गंगव्वा दोन दिवस आधी वळकटी घेऊन आमच्याकडं राहायलाच आली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. मामंजी म्हणाले, "हा काय पहारा?"

"पहारा न्हाई काका. तुमी उपाशी, तर मीबी उपाशी. तुमी पेज, तर मीबी पेज."

"तुझा फोटो आहे का?"

"गार्डाशिवाय गाडी सोडत व्हता काय तुमी? मग?"

दोघं समोरासमोर पेज प्यायची आणि एकमेकांच्या वाटीत डोकावायची. शेजारी कांदा परतला की दोघांचेही डोळे मिटायचे. एरंडेलानंतर मामंजींच्या अंगणातल्या फेऱ्या सुरू झाल्या. ही ओसरीवरून ओरडायची, "पाचवी गेली! टायमावर हाय!" गल्लीतली पोरंबाळं सुद्धा मोजायला लागली. मामंजी लाजेनं लाल. तेव्हा ती त्यांच्याजवळ गेली आणि हळू म्हणाली, "काका, दवाखान्यात जाताना लाज चपलेपाशी ठेवायची. येताना घालायची परत. कुणी चोरत न्हाई तिला."

फोटोच्या वेळी डॉक्टरांनी तिला आत राहू दिलं. "सोसंना तर शिट्टी वाजवा," एवढंच ती म्हणाली. पांढरं औषध आत चढलं, पोट नगाऱ्यासारखं फुगलं, आणि मामंजींनी तीस वर्षांच्या नोकरीचा जीव एकवटून शिट्टी फुंकली. वॉचमन काठी घेऊन धावला. बाळंतिणीच्या खोलीतून एक आजी "आग लागली की काय गं!" करत सुटली. गंगव्वानं मात्र त्यांचा हात सोडला नाही. "दम धरा काका, ठेसन आलंच."

आतड्यात बोराएवढी गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आणखी वर्ष काढलं असतं तर हाताबाहेर गेलं असतं. ऑपरेशन झालं. मामंजी त्यानंतर अकरा हुरडे जेवले. जेवलेच म्हणते मी.

त्यातल्याच एका हुरड्याला गंगव्वा आली होती. आगटीपाशी बसली, पण ओंजळ तशीच भरलेली. सगळे गप्पांत. मामंजींनी तेवढं पाहिलं. "गंगव्वा, गाडी का थांबली गं?"

तिनं ओंजळीतले दाणे त्यांच्या ताटात ओतले. मग पुटपुटली, "दोन म्हैने झाले काका. रक्त."

"आणि डॉक्टरांना बोलली नाहीस? रोज तिथं असतेस की!"

"म्हनून तर. सगळी वळखीची." आणि सुमे, निम्म्या सोलापूरला उलटं ओळखणारी ती बाई पदरात तोंड लपवून रडायला लागली.

मामंजींनी हातातला हुरडा ताटात परत टाकला. "लाज कुठं ठेवायची असते, तूच सांगितलंस ना?" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिच्याबरोबर पेज धरली. ऐंशीला टेकलेले, तरी दोन दिवस. आणि तिला आत नेताना गळ्यातली शिट्टी काढून तिच्या मुठीत दिली.

शिट्टी काही वाजली नाही. फोटो चांगला आला, नुसती मूळव्याध होती. बाहेर येऊन पहिलं वाक्य काय, तर "शिवशिवा, येवढं एरंडेल फुकट घालवलं की मी!" मामंजी बाकावर बसून डोळे पुसत हसत होते.

आता दोघंही नाहीत. जाण्याआधी गंगव्वानं शिट्टी मला आणून दिली. "ज्येला लागंल त्येला द्या," म्हणाली. माझ्या कपाटात आहे. कालच चिंचेनं घासून लख्ख केली.

तेव्हा चिठ्ठी घे आणि ये. इथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, हल्ली तर झोपेचं इंजेक्शन देतात, कळतही नाही म्हणे. पेज मी करीन आणि तुझ्यासमोर बसून पिईन. ज्वारीच्या कणसात दूध भरलंय, पंधरा दिवसांत हुरडा येईल. त्याच्या आधी ये. तुझं झाल्याशिवाय यंदा मी आगटी पेटवू देणार नाही.