चेकर चाचांची पाखरं

चेकर चाचांनी कोणावर पटकन विश्वास ठेवल्याचं मला तरी आठवत नाही. एसटीत तिकीट तपासनीस म्हणून त्यांनी नोकरी केली आणि निवृत्तीनंतरही तपासणी चालूच ठेवली. चहात साखर घातली आहे का, हे बघायला ते आधी कपात डोकावत, मग हॉटेलवाल्या शिवप्पाच्या तोंडाकडे बघत आणि मगच पहिला घोट घेत.

मी परंड्याच्या पोस्टात बदलून आले, तेव्हा त्यांची गाठ पडली. थंडीतली सकाळ होती. गळ्यात दुर्बीण अडकवून ते तलावाच्या बांधावर उभे होते. काय बघताय, असं मी सहज विचारलं. "एसटीची वाट बघतोय," ते म्हणाले. त्या बांधावरून बैलगाडीसुद्धा जात नाही. मी हसले, तर त्यांनी माझ्या चपलांपासून पिशवीपर्यंत नजर फिरवली आणि विचारलं, "कुठनं आलात? कुठं उतरणार?"

हाच प्रश्न ते पाखरांनाही विचारत. मधली काही वर्षं त्यांची नोकरी कोकणातल्या एका डेपोत झाली होती. तिथे किनाऱ्याकिनाऱ्याने येऊन खाडीवर उतरणारे पांढरे कुरव बघता बघता त्यांना हा नाद लागला. पुढे एका हिवाळ्यात आमच्या तलावावर एकटाच कुरव दिसला. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता, चाचांना संशय आला. "समिंदराचं पाखरू परंड्यात कशाला येतंय? काय तरी भानगड हाय," म्हणत ते रोज त्याच्या मागावर राहिले. तो उडून गेला, त्या दिवशी मात्र चहा न पिताच घरी गेले.

त्यांचा खरा जीव पट्टकादंबांवर. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेले हे राखाडी हंस हिमालय ओलांडून येतात आणि तलावाच्या कुठल्याशा कोपऱ्यात उतरतात. कुठल्या, ते चाचा सांगत नसत. पूर्वी एका गोडबोल्या कॅमेरावाल्याला त्यांनी ती जागा दाखवली होती, आणि थोड्याच दिवसांत तिथे जाळं आणि पिसं सापडली. जाळं कोणी लावलं ते कधीच कळलं नाही, म्हणून चाचांनी सगळ्यांनाच संशयितांत धरून टाकलं. गाडीतून कोणी पाखरांची चौकशी करत आलं की ते अदबीने सांगत, "सोनारीकडं जावा. तिकडं लई पाखरं हायती." माणसं सोनारीला जात, काळभैरवासमोर हात जोडत आणि तशीच परत जात. "दर्शन तर झालं की त्यांचं," चाचा म्हणत.

मलाही त्यांनी कितीतरी हिवाळे सोनारीलाच धाडलं. मी चिडत असे आणि मुकाट्याने जाऊन येत असे.

गेल्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेले, तर त्यांनी सुनेला चहा करायला पाठवलं, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि मला जवळ बोलावलं. "बेटी, पडक्या पंपहाऊसच्या मागं. यंदा जाळं पडू देऊ नको. अन् त्या शिवप्पाला तर कळूच देऊ नको, त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाय."

मला भरून आलं. एवढा भरवसा त्यांनी माझ्यावर टाकला होता. दिवाळीच्या आधीच चाचा गेले.

थंडी पडल्यावर एका सकाळी मी पंपहाऊसच्या मागे गेले. पाण्याच्या कडेला पट्टकादंब गवत खुडत होते, आणि भिंतीला टेकून शिवप्पा बसला होता. मोटार बघायला आलतो, म्हणाला. त्या पंपहाऊसात मोटार कधीची नाही. मीही फिरायला आल्याचं सांगितलं. मग बराच वेळ आम्ही पाखरं सोडून एकमेकांवरच लक्ष ठेवून होतो. शेवटी त्यालाच राहवलं नाही.

"जायच्या आधी चाचानं मला सांगितलं व्हतं, इथं ध्यान ठेव म्हणून. अन् पोस्टातल्या बाईंना कळू देऊ नको म्हणले. गावभरच्या बातम्या त्यांच्याकडं असत्यात."

मला हसू फुटलं आणि हसता हसता रडूही आलं. विश्वास ठेवायची वेळ आली, तेव्हाही चाचांनी एकाला दुसऱ्याच्या पहाऱ्यावर बसवलं होतं. "एसटीला बी दोन माणसं लागत्यात," डोळे पुसत शिवप्पा म्हणाला.

तेवढ्यात वर रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. आम्ही दोघंही लगबगीने चढून गेलो. कॅमेरा घेतलेला एक तरुण उतरला. त्याने हात जोडून नमस्कार केला आणि इकडे कुठे पाखरं दिसतात का, असं फार गोड आवाजात विचारलं. शिवप्पाने त्याच्या बुटांपासून टोपीपर्यंत नजर फिरवली आणि विचारलं, "कुठनं आलात?"

तो सांगेपर्यंत माझा हात सोनारीच्या रस्त्याकडे गेला होता.