रेकॉर्डच्या मागच्या बाजूचा माणूस

माझा नवरा चष्मे बनवतो. दुकानाच्या मागे काचा घासायची खोली आहे. तिथे मशीन, पाण्याचं घमेलं आणि कोपऱ्यात रेकॉर्ड प्लेअर. सुट्टीच्या दुपारी चौघांचा अड्डा तिथेच जमायचा: हा, शाळेतले चित्रकलेचे सर, बेकरीवाला आणि लांब्या. लांब्या लिफ्ट दुरुस्त करायचा. लग्न केलं नाही, थोरल्या बहिणीकडे राहायचा. माझ्या नवऱ्याचा शाळेपासूनचा जिवलग.

यांचं वेड म्हणजे ब्रिटिश पोस्ट-पंक. पंकवाल्यांचा आरडाओरडा ओसरल्यावर तिकडच्या पोरांनी जे काळवंडलेलं, थंडगार संगीत काढलं, ते. मला विचाराल तर रिकाम्या गोदामात कुणीतरी भांडी आपटतंय. बरं, गाणाऱ्यांबद्दल बोलतील तर शपथ! यांना हवेत मागचे लोक. सहा महिने ड्रम वाजवून गायब झालेला, एकाच गाण्यापुरती हातात बास गिटार धरलेला, फोटोत अर्धा कापला गेलेला. प्रत्येकाने एकेकाला दत्तकच घेतलेलं. "माझा ड्रमर आता पोस्टात नोकरीला आहे म्हणे," असं नवरा जेवताना सांगायचा, सख्खा मेव्हणा असल्यासारखं.

लांब्याच्या वाट्याला कुणी उरलं नाही. मग त्या पठ्ठ्याने एक बनवलाच. दोन रेकॉर्डी काढून फुटलेला एक बँड होता. त्यांच्या दुसऱ्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला, शेवटच्या गाण्यात म्हणे एकाने कीबोर्ड वाजवला होता आणि त्याचं नाव छापायचंच राहिलं. लांब्याने त्याला झकास इंग्रजी नाव दिलं, स्वतःचाच कॉलर वर केलेला धुरकट फोटो लावला आणि जगभरच्या चाहत्यांच्या इंटरनेटवरच्या गटात दिला सोडून. आठवडाभरात एकाने लिहिलं, हो हो, मी पाहिलाय याला, डावखुरा होता. दुसरा म्हणाला, स्वभावाने जरा तिरसटच. चौघं हसून हसून लोळले. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

वर्ष उलटायच्या आत लांब्या गेला. कामावरून आला, बूट काढायला बसला, तो उठलाच नाही. माझ्या नवऱ्याने दुकान उघडलं, नंबर तपासले, काचा घासल्या. मला वाटलं, सावरला. कसला सावरतोय!

एका दुपारी त्याने मला मागच्या खोलीत बोलावलं. तेच शेवटचं गाणं लावलं होतं. "ऐकलंस? कीबोर्ड."

"अरे, तो तुम्हीच बनवलात ना? तिथे कुठला कीबोर्ड?"

"नीट ऐक. ड्रमच्या मागे आहे. दबून वाजवतोय."

माझ्या अंगावर काटा आला. गाण्याने नाही, त्याच्या चेहऱ्याने. सरांना विचारलं, तर नजर चुकवत म्हणाले, "वहिनी, मलाही येतो ऐकू." बेकरीवाला नुसता मान डोलावत राहिला. तेव्हापासून त्या खोलीत सगळं बंद असलं तरी कुणीतरी बसलंय असं वाटायचं. मी दार सताड उघडं ठेवूनच केर काढायचे. तिकडे गटात तर तो कीबोर्डवाला म्हातारा व्हायला लागला होता. कुणाला बाजारात दिसला, कुणाला म्हणाला, गुडघे दुखतात.

मग ताई आली, लांब्याची बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवला. लेकीने तिला तो फोटो दाखवला होता. फोन काउंटरवर ठेवून ती म्हणाली, "हा माझाच भाऊ ना? मग खाली नाव दुसऱ्याचं कसं? एवढी माणसं त्याच्याबद्दल लिहितायत आणि त्याचं नाव एकालाही माहीत नाही? मला दुसरं काही नको. माझ्या भावाच्या चेहऱ्याखाली माझ्या भावाचं नाव लाव."

नवरा त्या दिवशी जेवला नाही. गटात खरं काय ते कबूल करायचं म्हणजे कीबोर्डवाल्याला संपवायचं, आणि मग लांब्या कुठेच उरणार नाही. "तो तिथे तरी आहे गं," म्हणाला.

मी भडकलेच. "तिथे आहे तो लांब्या नाही! तिचा भाऊ तिला परत दे."

शेवटी त्याने सगळं लिहिलं. ती थट्टा होती, फोटो माझ्या मित्राचा आहे, हे त्याचं खरं नाव, तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि आता तो नाही.

उत्तरं धडाधड आली. खोटारडा. जळतोस त्याच्यावर. मी स्वतः त्याच्याशी हात मिळवलाय. एकाने तर कीबोर्डवाल्याची सहीसुद्धा दाखवली. सरांनी फोन करून विचारलं, "कशाला असलं काही लिहिलंस?" आणि लांब्याच्या खऱ्या नावाखाली लोकांनी लिहिलं, हा कोण? आम्ही सगळीकडे शोधलं, हे नाव कुठल्याच रेकॉर्डवर नाही. असा कुणी नव्हताच. विसरलेली माणसं हुडकण्यात ज्यांनी उभा जन्म घालवला, त्यांनी हे लिहावं! मला इतका संताप आला की तो फोन पाण्याच्या घमेल्यात बुडवावासा वाटला.

दोन दिवसांनी ताई परत आली. "लावलंस नाव?"

"लावलं, ताई."

"मग? काय म्हणाले?"

मी ताईच्या मागून त्याला डोळ्यांनी खुणावत होते, काहीतरी बरं सांग रे. पण तिच्याकडे बघून त्याला खोटं बोलवेना.

"म्हणाले, असा कुणी नव्हताच."

ताई काउंटरला धरून उभी राहिली. रागावली नाही. खरंच उत्तर हवं असल्यासारखं तिने हळू आवाजात विचारलं, "मग माझ्याकडे रोज जेवायला कोण बसत होतं रे?"