स्लॅबवरची खाचरं

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते साइटवर पाणी मारणाऱ्या एका मावशींचे. वणीच्या शाळेतले माझे गुरुजी हे वाचून रागावणार नाहीत. विचारायला लाजू नये, हे त्यांनीच शिकवलं होतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. घरातला पहिला पदवीधर मी, नवाकोरा सिव्हिल इंजिनिअर. इगतपुरीच्या रस्त्याला नाशिकबाहेर एक डेटा सेंटर उभं राहत होतं. नुसत्या कॉम्प्युटरसाठी एवढी इमारत, याचं आम्हा सगळ्यांनाच नवल होतं. मे महिन्यात छताचा स्लॅब ओतला. तो निदान दहा दिवस ओला ठेवायचा, नाहीतर तडे जातात. मी कडेनं मातीचा बांध घालून पाणी भरलं. पण छताला उतार होता. पाणी खालच्या टोकाला जमायचं आणि वरचं टोक तासाभरात कोरडं. मग पुन्हा टँकर. टँकर शेजारच्या वाडीच्या विहिरीवर भरायचा. दिवसाला तीन खेपा.

मावशी त्याच वाडीच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाइप खाली ठेवला.

"सायेब, विहिरीची तिसरी पायरी उघडी पडली. आता आमी काय प्यायचं, तुमचं शिमीट?"

"मावशी, पाणी कमी केलं तर स्लॅब फुटेल. माझी नोकरी जाईल."

"कमी करा कोण म्हणतंय? वाया घालू नका म्हणते. भात लावलाय का कधी?"

"आमच्याकडं बाजरी."

"तरीच! आवो, उताराच्या रानाला एकच बांध घालतंय का कोणी?"

आजूबाजूचे मजूर हसले. मीही हसलो, पण कान तापले होते. वर्गात उतार शिकलो होतो, बांधही शिकलो होतो; दोन्ही एकत्र कधी पाहिले नव्हते.

"दाखवा," मी म्हणालो.

दुपारपर्यंत मावशींनी आणि त्यांच्या सुनेनं आडवे-उभे बांध घालून स्लॅबची लहान लहान खाचरं केली. पाणी जिथल्या तिथे थांबलं. वरून त्यांनी घरचा भाताचा पेंढा पसरला, त्यामुळे ऊन थेट लागेना. दुसऱ्या दिवसापासून एक खेप पुरू लागली. स्लॅबला तडा गेला नाही. आणि आठवड्याभरात तिसरी पायरी पुन्हा पाण्याखाली गेली. ते सांगायला मावशी जेवणाच्या सुट्टीत जिना चढून वर आल्या होत्या.

काही वर्षांनी दुसऱ्या, त्याहून मोठ्या डेटा सेंटरवर माझी नेमणूक झाली. तिथून मी त्यांना पत्र पाठवलं:

"मावशी, नमस्कार. नातीकडून हे वाचून घ्या. इथला स्लॅब चार पट मोठा आहे. काल खाचरं आखली, तर मुकादम म्हणाला, साहेब, भात लावताय का? मी म्हणालो, हो, शिकलोय. टँकर लावण्याआधी इथल्या विहिरीत दोरानं उतरून पाणी बघून आलो. पायऱ्या नाहीत, म्हणून दगडावर खूण केली आहे. ती रोज बघतो. पेंढा मिळाला नाही, गोणपाट घातलंय, चालेल ना? यंदा तुमची तिसरी पायरी पाण्याखाली आहे की उघडी, ते कळवा."