गाडीत मुली कमी का होत्या

खातूनबी कोण होत्या, असं कुणी विचारलं तर निवृत्तीभाऊंना धड चार वाक्यं सांगता येणार नाहीत. द्वारका भागातल्या एका छोट्या बालवाडीची गाडी भाऊ चालवायचे आणि मुलांना चढवायला-उतरवायला खातूनबी शेजारी बसायच्या, एवढीच ओळख. बालवाडी जरा वेगळ्या मुलांची. कुणाची मान धरत नाही, कुणाला बोलता येत नाही, कुणी नुसतंच हसतं. खातूनबींच्या घरी कोण असतं, त्यांना काही दुखतंखुपतं का, हे भाऊंनी कधी विचारलंच नाही. आणि सोमवारी सकाळी फोन आला, खातूनबी झोपेतच गेल्या. किल्ली हातात धरून भाऊ उभेच राहिले. आज तर दोघांनी मिळून नवीन मुलगी आणायची होती!

शनिवारी मुलांना घरोघर सोडून परतताना भाऊ सहज म्हणाले होते, "यंदाही सगळे पोरगेच भरलेत. मुली दोनच. देव मुलींना शहाणं करूनच पाठवतो बघा."

"हो का? मग घ्या गाडी पंचवटीत. तुमच्या देवाचं काम दाखवते."

तिथल्या एका घराबाहेर चपलांचा ढीग होता. मनमाडचे पाहुणे त्या घरच्या मोहिनीला बघायला आले होते. या घरी आधी दोनदा येऊन गेलेल्या खातूनबी पाणी मागत सरळ स्वयंपाकघरात शिरल्या, भाऊ संकोचत मागोमाग. आतल्या खोलीत टीव्ही मोठ्यानं लावलेला. आणि खाटेच्या पायाला ओढणीनं बांधलेली चारेक वर्षांची मुलगी हुंकार काढत पुढे-मागे डुलत होती. मोहिनीची भाची, आरोही. एसटी चालवण्यात भाऊंची उभी हयात गेली, रस्त्यावर नाही नाही ते पाहिलं; पण हे?

आरोहीची आई ज्योत्स्ना धावत आली. "मावशी, आज नको ना! पाया पडते. हिला पाहिलं तर म्हणतील, घराण्यातच आहे. नणंदेचं लग्न मोडेल हो."

आता खातूनबी कडाडणार, असं भाऊंना वाटलं. पण खातूनबींनी खाली बसकण मारली, गाठ सोडली, पोरीला मांडीत घेतलं आणि टीव्ही बंद करायला लावला. "जा, चहा ने तू. नाही ओरडत ही." पाहुणे जाईपर्यंत त्या तिची पाठ चोळत राहिल्या.

गाडीत बसल्यावर भाऊंचा आवाज चढला. "जनावरासारखी बांधली होती! आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत?"

"बोलले असते तर दार कायमचं लागलं असतं. मग हिला आणायची कुठून? अशा आणखी आहेत, भाऊ. घराघरांत लपवलेल्या."

तेवढ्यात ज्योत्स्ना खिडकीशी आली. पाहुण्यांचं काय ठरलं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. "सोमवारी गाडी इकडून जाते का?"

"जाते की," खातूनबी म्हणाल्या. गाडी तिकडून कधीच जात नव्हती.

सोमवारी भाऊ शेजारच्या रिकाम्या सीटकडे न बघता पंचवटीत गेले. ज्योत्स्ना पोरीला कडेवर घेऊन दाराबाहेर, रस्त्यावर उभी होती, सगळ्यांदेखत.

शनिवारी द्वारकेला उतरताना खातूनबी एवढंच म्हणाल्या होत्या, "भाऊ, त्यांच्या दारात हॉर्न नका वाजवू. पोरगी दचकेल."

"बरं," भाऊ म्हणाले. "सांभाळून उतरा."